सरपंचाचं शिंग

लीलाआक्कांनी माझ्या गिटारला भजनी मंडळात एकाच अटीवर घेतलं. "घटस्थापनेला देवळात वाजव. टाळांच्या वर मला ऐकू आली तर ऱ्हाईल. न्हाईतर उचल अन् घरी ने."

आक्कांचे टाळ म्हणजे दोन परातींचं भांडण. त्यात माझी गिटार बोटांनी वाजायची, म्हणजे वाजतेय हे फक्त मला कळायचं. आमच्याकडे भाड्याने राहणारा लवळ्याच्या कॉलेजातला एक मुलगा खोली सोडताना ती विसरून गेला. मी दोन वर्षं मोबाईल भिंतीला टेकवून शिकले. समोर कुकर, मांडीवर गिटार.

वरच्या खोलीतल्या क्षितिजाने निदान केलं. "काकू, बोटांनी नाही भागणार. तारा छेडायला पिक लागेल." तिने पाऊचमधून तिकोनी चकत्या ओतल्या. पातळ नायलॉनची घेतली, तर पंख्याखाली कॅलेंडर फडफडावं तसा आवाज. दोन मिलिमीटर जाडीची घेतली, तर खुरपं लावल्यासारखं झालं. एक तार तुटली. मधल्या जाडीची, सेल्युलॉइडची, आवाजाला बरी. पण माझ्या घामेजल्या हातातून ती निसटली ती थेट गिटारच्या पोटात. उलटी करून हलवली तेव्हा आधी त्या पोराचं बसचं तिकीट बाहेर आलं.

शिवाय मी पिकं हरवते. एक तूरडाळीच्या वरणात सापडलं, तेही पाहुण्यांच्या ताटात.

आमच्याकडे पोळा भादव्यात, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. सकाळी मामंजी दारात बैलाची शिंगं तासत होते. शेताचे प्लॉट झाले, बैल एकच उरलाय. त्याचं नाव सरपंच. काम काही नाही, हार मात्र पहिला त्याला.

एक कपची माझ्या पायाशी पडली. उचलून वाकवली. थोडी वाकली, परत सरळ झाली. ओल्या बोटांतही सरकेना.

"मामंजी, एक जरा जाड काढा की."

"कशाला?"

"गिटारीला."

"बैलाला इचार. त्याचं हाय."

सरपंचाने शेपूट हलवली. मामंजींनी शेंड्याजवळची जाड कपची काढली, बाटलीच्या काचेने खरवडली, पायरीवर घासली, अंगठ्यावर दाबून पाहिली, परत घासली. तासभर. मधे चहा गार झाला तरी उठले नाहीत. सत्तावीस वर्षांत सासऱ्यांनी माझ्यासाठी हाताने केलेली ही पहिली वस्तू. देताना म्हणाले, "आता बोंबलत बस."

दुसऱ्या दिवशी देवळात आक्कांनी ते बरोबर हेरलं.

"हेमे, हे काय?"

"शिंग."

"देवळात? मेलेल्या जनावराचं?"

"मेलेलं कुठलं! कालच्या पुरणपोळ्या पचवत दारात बसलाय. तुमच्या मृदंगाला कातडं कुणी हौसेनं दिलं होतं का, आक्का?"

सगळ्या बायका पदरात हसल्या. मृदंगवाली सायली तर उचकी लागेपर्यंत.

"तोंड आवर," आक्का म्हणाल्या, "अन् हात चालीव."

चालवला. ना फडफड, ना खणखण. घरातल्या माणसाने मागून हाक मारावी तसा गोल आवाज. पहिल्या अभंगात परातींनी मला गिळलं. मी मान खाली घालून रेटत राहिले. दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. वर पाहिलं, तर आक्का टाळ नुसते कडेला कड लावून हळू वाजवत होत्या, अन् कान माझ्याकडे.

आरतीनंतर त्यांनी तळहात पुढे केला. "आण ते हिकडं."

मी मूठ मिटली. "का? आली न्हाई ऐकू?"

"आली की. तू हरिवशील म्हून मागतेय. वरणातलं साऱ्या गावाला म्हाईत हाय. माझ्याकडं ऱ्हाईल. रोज यायचं, घ्यायचं, वाजवायचं, परत द्यायचं."

पदराच्या टोकाला ठेवून त्यांनी गाठ मारली. मारण्याआधी अंगठ्यावर एकदा वाकवून बघितलं. मी पाहतेय हे त्यांना कळलं नाही.