पट्टी निवेपर्यंत

बाळ निजलं की तिच्या कानांना पाय फुटायचे. हातात कानस, पुढ्यात उघडा अकॉर्डियन, त्यातल्या सूर काढणाऱ्या इवल्या पोलादी पट्ट्या; आणि जीव मात्र आतल्या खोलीत, पाळण्यापाशी घुटमळणारा.

वादक संध्याकाळी दुरुस्तीला दिलेलं वाद्य न्यायला येणार होता. बाळंतपणानंतरचं हे तिचं पहिलंच काम. हे हुकलं तर 'आता तिच्याच्यानं होत नाही' ही बातमी वाऱ्यावर जायला कितीसा वेळ?

पट्टी घासायची, वाजवायची, ऐकायची. जरा कुठे सूर जुळतोय, तोच आतून 'ऊं' आलं. कानस टाकून ती धावली, लेकीला उचललं. डोळे टक्क! मोडली झोप. सकाळपासून हेच चाललं होतं.

धाकटी नणंद बसवर कंडक्टर, म्हणून घरात तिला सगळे 'घंटी' म्हणत. आज सुट्टी, म्हणून दाराशी भाजी निवडत बसली होती.

"वहिनी, कान आहेत की सापळे? जरा खुट्ट झालं की पकडलंच!"

"रडत होती गं, घंटे."

दुपारी पुन्हा थोपटणं, पुन्हा गुणगुणणं:

नीज गं चिमणे, निजू दे गलका,
पापणीच्या काठी वारा झाला हलका.

लेक निजली. ती पाऊल न वाजवता बाहेर आली. एकच पट्टी उरली होती, सगळ्यांत हट्टी. ती घासून होतेय, तोच 'ऊं'.

ती उठली. घंटी दारात आडवी.

"स्टॉप आला नाही अजून. खाली बस." फटीतून डोकावत ती पुटपुटली, "डोळे मिटलेलेत. झोपेतच बोलतेय."

"अगं, पण..."

"आत्ता घासलेली पट्टी लगेच का नाही वाजवत तू?"

"तापलेली असते. सूर खोटा लागतो. निवू द्यावी लागते, मग..."

बोलता बोलता ती थबकली. हात मांडीखाली दाबून बसली. आतला आवाज चढला, कण्हला, वळसे घेऊ लागला. तिचे पाय नुसते चुळबुळत होते. मग आवाज उतरत उतरत एका लांब श्वासात विरून गेला.

पट्टीही निवली होती. तिनं कानस उचलली.

"जुळला!" म्हणत ती वळली, तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती आणि लेक घंटीच्या कडेवर मूठ चोखत होती.

"ही कधी उठली?"

"मघाशीच, भरपूर झोपून. चांगल्या हाका मारल्या हिनं तुला."

"मला कसं ऐकू आलं नाही?"

घंटी हसली. खाली वादकाची गाडी थांबली. ती मात्र कान चाचपत लेकीकडेच बघत राहिली.