आतल्या खोलीतलं ऑफिस

कुकर फुसफुसायला लागला तसे गुरुदत्तराव सांडशी घेऊन गॅसपाशी सावध उभे राहिले. शिट्टी होणार इतक्यात त्यांनी गॅस बंद केला.

"झाला का भात?" सुमतीबाईंनी कुजबुजत विचारलं.

"अर्धाकच्चा."

"राहू दे. ती बाहेर आली की पुन्हा ठेवू."

आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि कडीला मायाची निळी ओढणी लटकत होती. ओढणी असली की मीटिंग चालू, हा नियम सुमतीबाईंनीच काढलेला. तेवढा वेळ घरात कुकरची शिट्टी नाही, मिक्सर नाही, टीव्ही मुका आणि दारावरची बेल बंद. परक्या मुलीच्या नोकरीसाठी ही दोन म्हातारी माणसं स्वतःच्याच घरात चवड्यांवर चालत, आणि कुणी हसलं तर त्यांना उलट अभिमान वाटे.

माया खालच्या मजल्यावर राहायची. ठाण्याच्या एका विमा कंपनीत होती. आठवड्यातले काही दिवस ऑफिसला जायचं, बाकीचे दिवस घरून काम. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात नवरा रत्नदीप रात्रपाळी करून दिवसा झोपणारा, आणि सासू शांताबाई कमी ऐकू येत असल्यामुळे टीव्ही अख्ख्या बिल्डिंगला ऐकवणाऱ्या. एकदा सुमतीबाई कुरडया वाळत घालायला गच्चीकडे निघाल्या, तर शेवटच्या पायऱ्यांवर ही मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली.

"इथे काय करतेस गं?"

"ऑफिस, काकू."

"हे ऑफिस? ऊठ आधी. आमची आतली खोली नुसती गाद्या सांभाळत बसलीये."

माया आधी नको नको म्हणाली, मग एक दिवस म्हणून आली आणि तिथलीच झाली. गुरुदत्तराव-सुमतीबाईंना मूलबाळ नव्हतं. मायाला काय हवं-नको ते बघताना सुमतीबाईंना दिवस पुरेनासा झाला. चारच्या सुमाराला आल्याचा चहा व्हायचा. मग ओढणी गळ्यात टाकून माया ओट्याला टेकून उभी राहायची आणि ऑफिसातली भांडणं साभिनय सांगायची.

"काय सांगू काकू, आज सरांचं डोकंच फिरलेलं. मी बोलली, सर, मेल वाचा ना आधी!"

"असं तोंडावर म्हणालीस?"

"मनात बोलली."

गुरुदत्तराव खो खो हसायचे. त्यांची स्वतःची सगळी नोकरी मनातच बोलण्यात गेली होती. ठाण्याच्या सरकारी कचेरीत लागले तेव्हा डोंबिवलीच्या दोन खोल्यांत सात माणसं होती. खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करायला घरात जागा नाही, म्हणून ते जेवणाच्या सुट्टीत तलावपाळीच्या बाकावर पुस्तक घेऊन बसत. डबा एका हातात, पुस्तक दुसऱ्या हातात. दोनदा परीक्षेला बसले, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा बसलेच नाहीत. कारकून म्हणून चिकटले, कारकून म्हणूनच निवृत्त झाले. ते स्वतः याबद्दल अवाक्षर काढत नसत. सुमतीबाईंच्या मनात मात्र तो बाक कायमचा सलत राहिला होता. "यांना एक टेबल-खुर्ची मिळाली असती ना," असं त्या कुणालाही ऐकवत.

आता टेबल-खुर्ची होती आणि तिथे माया होती. म्हणूनच तिचं टीम लीडरसाठी नाव पुढे गेलं तेव्हा सुमतीबाईंना झोप लागेना. शेवटची मुलाखत व्हिडिओवर होणार होती. मोठे साहेब बंगळुरूहून बोलणार होते.

त्या दुपारी माया इस्त्रीचा कुर्ता घालून वर आली. सुमतीबाईंनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली.

"काकू, मध्येच काही आवाज झाला तर?"

"नाही होणार. तू फक्त आत बस आणि बोल. बाहेरचं आम्ही बघतो."

दार लागलं, ओढणी लटकली. गुरुदत्तराव बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले, कारण गॅस सिलिंडरवाला त्याच सुमाराला यायचा आणि टाकी आपटत आणायचा. तो आला तसं त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि त्याला संध्याकाळी यायला सांगितलं. तो वेड्याकडे बघावं तसा यांच्याकडे बघत परत गेला. काहीतरी पराक्रम केल्यासारखे गुरुदत्तराव हसत आत आले.

सुमतीबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, ओट्याला पाठ टेकून. चेहरा घामाने निथळत होता.

"काय झालं गं?"

"पित्त उसळलंय. सकाळी फोडणीचे पोहे खाल्ले ना." त्यांनी छातीच्या मध्यावर मूठ दाबून धरली होती. "बसा तुम्ही. होईल कमी."

गुरुदत्तरावांनी पाणी दिलं. पाठ चोळली. सुमतीबाईंचा हात गार लागला तेव्हा मात्र ते उठले आणि आतल्या दाराकडे वळले. सुमतीबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"तिला हाक मारू नका."

"अगं, पण डॉक्टर..."

"अहो, थोडक्यासाठी तिचं जाईल सगळं. होऊ दे तिचं. पित्तच आहे हो."

त्यांनी खिशातून फोन काढला, तर त्याही अवस्थेत बाईंच्या कपाळाला आठी पडली. "फोनवर केवढ्यानं बोलता तुम्ही! आतपर्यंत जाईल."

जिन्यात जाऊन फोन करता आला असता. शेजारचं दार ठोठावता आलं असतं. पण मनगटावरची पकड सुटत नव्हती, आणि या माणसाने जन्मात कधी कुणाचं काम मध्येच थांबवलं नव्हतं. त्यांनी ओढणीकडे पाहिलं आणि ते बायकोशेजारी जमिनीवर बसले. इथेच चूक झाली. चूक दोघांची होती, पण पुढे त्या चुकीसकट जगायला गुरुदत्तराव एकटेच उरणार होते.

आतून मायाचा आवाज येत होता. सफाईदार इंग्रजी, न अडखळता. मध्येच ती हसली, पलीकडचे साहेबही हसले.

"किती छान बोलते हो," सुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी डोकं नवऱ्याच्या खांद्यावर टेकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

थोड्या वेळाने दार उघडलं. "काकू! एकदम मस्त झाला! ते बोलले..." माया स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थबकली.

पुढचं सगळं तिनेच केलं. ओरडत जिना उतरली, झोपलेल्या रत्नदीपला उठवलं. त्याने सुमतीबाईंना दोन्ही हातांवर उचलून खाली आणलं, रिक्षा केली. हॉस्पिटलात पोचले तेव्हा श्वास होता. डॉक्टर बाहेर आले तोवर उरला नव्हता.

"त्रास कधी सुरू झाला होता?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

माया शेजारीच उभी होती, ओढणीचा बोळा तोंडाशी धरून. गुरुदत्तरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"आत्ताच," ते म्हणाले. "अगदी आत्ताच."

दिवस झाले, नातेवाईक आले आणि गेले. माया रोज डबा आणून द्यायची, पण काम करायला येईना. एका दुपारी गच्चीच्या जिन्यावरून तिचा कॉलवर बोलण्याचा आवाज आला. तो संपेपर्यंत गुरुदत्तराव दारात उभे राहिले आणि मग चार पायऱ्या वर गेले.

"आत येऊन बस. हिला आवडलं नसतं हे."

माया उठली नाही. "काका, एक विचारू? खरं सांगाल?" तिने लॅपटॉप मिटला. "मी आत इंटरव्ह्यू देत होती, तेव्हाच काकूंना होत होतं का हो? मी इकडे हसत होती आणि त्या..."

"छे छे. तुझा आवाज थांबला, तशी ती तुझ्यासाठी चहा टाकायला उठली. आणि बसली ती बसलीच."

"शप्पथ?"

"शपथ."

ती गुडघ्यांत डोकं घालून रडली. बरंच रडली, आणि रडता रडता तिचे खांदे सैल पडत गेले. गुरुदत्तराव एक पायरी खाली बसून राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी खोटी शपथ घेतली नव्हती. ती त्यांनी सरळ नजरेने घेतली आणि त्यांना जराही लाज वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की आता हे बोलायला जगात कुणी उरलं नाही. ज्या एका माणसाशी बोलता आलं असतं, ते तर गेलं.

पुढच्या आठवड्यात माया पुन्हा आतल्या खोलीत बसू लागली. महिना उलटला असेल, एका संध्याकाळी ती खाली जाऊन पुन्हा वर आली आणि हॉलमध्ये नुसतीच उभी राहिली. हातात मिठाईचा छोटा पुडा होता. दुःखाच्या घरात तो द्यावा की नाही, हे तिला कळत नव्हतं.

"काका, झालं माझं. टीम लीडर. मेल आला मघाशी."

गुरुदत्तरावांनी पुडा तिच्या हातातून घेतला. एक पेढा तिला भरवला. दुसरा बशीत ठेवून ते भिंतीवरच्या फोटोखालच्या फळीशी गेले. मायाकडे त्यांची पाठ होती, त्यामुळे त्यांचा चेहरा तिला दिसला नाही. बशी ठेवताना किणकिणली, तेवढंच तिला ऐकू आलं.

"अगं," ते फोटोला म्हणाले, "मिळालं तिला."