फोटोत नसलेलं फडकं

दुबईत रास अल खोरच्या त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा ईशानीला कडेवरून खाली उतरवलंच नाही. चार वर्षांची मुलगी, सतरा किलो वजन, हात भरून आले होते. पण जमिनीवर काय काय पडलंय ते मला दिसत होतं. गवत कापायची पाती, गंजलेले बोल्ट, पेट्रोलचा कॅन, उघड्या वायरींची बॅटरी.

"आल्या, सेफ्टी ऑफिसर आल्या! हेल्मेट घाला रे सगळे," शार्दूल म्हणाला. तेव्हापासून तेच नाव पडलं.

शार्दूल म्हणजे माझ्या नवऱ्याचा, दत्तप्रसादचा, कॉलेजचा मित्र. इथे बँकेत आहे. हे दोघं आणि आणखी तीन-चार जण दर शनिवार-रविवार त्या शेडमध्ये जुने गार्डन ट्रॅक्टर दुरुस्त करतात. व्हिलांच्या लॉनवर, खजुराच्या बागांमध्ये वापरतात ते छोटे, एका माणसाचे ट्रॅक्टर. बंद पडले की इथले लोक सरळ भंगारात टाकतात. ही मंडळी ते उचलून आणतात, सुटे करतात, रंगवतात, पुन्हा चालू करतात आणि मग त्यावर बसून शेडच्या मागच्या पटांगणात गोल गोल फिरतात. सगळे पस्तिशी-चाळिशीचे, लॅपटॉपवर काम करणारे. मला सुरुवातीला हसूच यायचं.

यातलं खरं ज्ञान एकाच माणसाकडे होतं, जहूरचाचांकडे. मूळचे रत्नागिरीचे. बागांची कामं घेणाऱ्या एका कंपनीत पस्तीस वर्षं मशिनींचे फोरमन होते. निवृत्त झाले तरी मालकाने शेडचा मागचा भाग आणि त्याची किल्ली त्यांच्याकडेच राहू दिली. ओवेस हा त्यांचा मुलगा अबुधाबीत नोकरीला, आणि चाचा आणि साजिदाचाची देराच्या फ्लॅटमध्ये त्याच्या व्हिसावर राहत होते.

चाचांचा नियम एकच होता, आणि तो पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितला होता. ज्या मशिनीतलं तेल काढलंय, तिच्या स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. तेल भरणारा माणूसच ते सोडणार.

"फडकं दिसलं की चावीला हात लावायचा नाही, बेटा. सख्खा बाप आला तरी नाही. बिनतेलाचं इंजिन दोन मिनिटांत मरतं."

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना ते सांगायचं टाळलं.

गेल्या वर्षभरात चाचा थोडं विसरायला लागले होते. चष्मा कपाळावर आणि शोधतायत टेबलावर, इतपत. कधी ईशानीला आपल्या नातीच्या नावाने, इनाया म्हणून हाक मारायचे. ओवेसने दत्ताला फोन करून सांगून ठेवलं होतं, "भाई, अब्बांवर जरा नजर ठेवा. काही झालं तर मला कळवा. मी दोघांना गावी पाठवायचा विचार करतोय." चाचांना ते कळलं तेव्हा ते भडकले होते. "गावाला जाऊन काय करू? नारळ मोजत बसू? माझे हात इथं आहेत."

आणि मग जानेवारीतला तो रविवार.

आठ महिने सगळे एका मशिनीमागे होते. तिचं नाव बटू. अल ऐनच्या एका बागेत कोंबड्यांच्या खुराड्याला टेकण म्हणून लावलेला ट्रॅक्टर. पिस्टन नवा, रिंगा नव्या, रंग चकचकीत पिवळा. त्या दिवशी तो सगळ्यांसमोर चालू करायचा होता, म्हणून बायका-मुलांनाही बोलावलं होतं. मी इडल्या घेऊन गेले होते.

आदल्या संध्याकाळी चाचांनी एकट्यानेच तो पाच मिनिटं चालवून पाहिला होता. मग नव्या इंजिनातला बारीक कचरा निघून जावा म्हणून आतलं सगळं तेल काढून टाकलं होतं. नवं तेल सकाळी भरणार होते. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ते सांगायलाच तर फडकं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा चाचा सगळ्यांसाठी करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा आणायला कॅफेटेरियात गेले होते. बाकीचे बाहेर खुर्च्या मांडत होते. ईशानी बटूवर चढून बसली. "ममा, टेक माय पिक्चर!" पांढरा फ्रॉक घातला होता तिने. आणि तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ते फडकं, काळ्या तेलाने माखलेलं.

वापरलेल्या इंजिन ऑइलने त्वचेला काय काय होतं, ते मी वाचलं होतं. मी असलं सगळं वाचते. मी एक वेट वाइप काढला, त्याने फडकं चिमटीत धरून सोडवलं, डायपरच्या जुन्या पिशव्या अजून माझ्या पर्समध्ये असतात, त्यातल्या एकीत घातलं, गाठ मारली आणि कचऱ्याच्या पिंपात टाकलं. ईशानीचे हात पुसले. फोटो काढला. 'बटूची पहिली ड्रायव्हर' असं लिहून ग्रुपवर टाकलासुद्धा.

ते टाकताना मनात काय होतं, असं दत्ताने नंतर विचारलं. काहीच नव्हतं. घाण होती, मूल होतं, मी घाण उचलली.

शार्दूल आत आला. "चाचा येईपर्यंत जरा गरम करून ठेवू या." त्याने ईशानीला उतरवलं, स्टिअरिंगकडे एक नजर टाकली, चावी फिरवली. बटू खोकला, थरथरला आणि धडधडत सुरू झाला. टाळ्या, शिट्ट्या. दत्ताने मला डोळ्यांनी खूण केली, बघ म्हणून. इतका खूश मी त्याला इथे आल्यापासून क्वचित पाहिलं होतं.

आणि तेव्हा मला आठवलं.

तोंड उघडलं मी. पण मनात आलं, भरलं असेल तेल. जुनं फडकं असेल, राहिलं असेल. मी ओरडले आणि काहीच नसलं, तर शार्दूल म्हणणार, 'आल्या सेफ्टी ऑफिसर.' सगळे हसणार, दत्तासुद्धा. वर्षभर मी तिथे उगाच ओरडत आले होते. वायरला हात लावू नको, मागे हो, चप्पल घाल. ज्या एका वेळी ओरडायला हवं होतं, त्या वेळी मी ईशानीच्या कानांवर हात ठेवून उभी राहिले. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून.

चाचा फाटकातून आत आले ते हातात चहाचा ट्रे घेऊन. दोन पावलं हसत आले, मग थांबले. "तेल!" ट्रे तिथेच टाकून ते पळत सुटले. "बंद करा! तेल नाही त्यात!"

शार्दूलने चावी फिरवायच्या आत आतून खाडकन आवाज आला, आणि बटू जागच्या जागी गप्प झाला.

चाचांनी पाना लावून इंजिनाचं चाक फिरवून पाहिलं. हललं नाही. इंजिन जाम झालं होतं.

"फडकं कुणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"चाचा, फडकं नव्हतं," शार्दूल म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. "असतं तर मी हात लावला असता का?"

"मी बांधलं होतं."

"नव्हतं हो चाचा. थांबा." त्याने मोबाइल काढला. ग्रुपवरचा फोटो उघडला. माझा फोटो. "हे बघा. मी यायच्या आधीचा आहे."

चाचांनी मोबाइल हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. स्टिअरिंग, ईशानीचे स्वच्छ हात, पिवळा रंग. बराच वेळ बघत होते. मी चार हातांच्या अंतरावर उभी होते.

"बांधलं होतं मी," ते म्हणाले. मग आमच्याकडे बघून, "बांधलं होतं ना?"

एकटे होते ते शनिवारी. कोण सांगणार?

"विसरलो असेन," शेवटी म्हणाले, आणि खाली बसून सांडलेल्या चहातले कागदी कप गोळा करू लागले. मीही बसले आणि कप गोळा करू लागले. तेवढंच केलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी शेडची किल्ली दत्ताकडे दिली. मंगळवारी ओवेसचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी पोळ्या लाटत होते. "अब्बांनी स्वतःच सांगितलं मला. आता खलास, भाई. मार्चमध्ये दोघांना पाठवतो. उद्या एखाद्याचा हात गेला तर?"

बुधवारी ऊद मेथा भागात, शाळेबाहेर गाडीत ईशानीची वाट बघत असताना मी दत्ताला फडक्याचं सांगितलं. तो कितीतरी वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग राहू दे. इंजिनाचं काय, मिळेल दुसरं. आणि मृणाल, चाचांना विसरायला तर होतंच आहे ना? आज नाही तर उद्या ओवेस पाठवणारच होता."

मला बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं. उरलेला दिवस मी ते वाक्य चघळत राहिले. विसरायला तर होतंच आहे.

गुरुवारी ईशानीला शाळेत सोडून मेट्रोने देराला गेले. का, ते धड सांगता येणार नाही. बहुतेक, सकाळी डबा भरताना दत्ता सहज म्हणाला, "चाचांनी गॅससुद्धा लावायचा बंद केलाय म्हणे," त्यामुळे.

दार साजिदाचाचींनी उघडलं. आत चाचा टेबलाशी वही घेऊन बसले होते. फ्रिजवर, दारावर, स्विचवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. 'किल्ली घेतली?' 'गोळी, नाश्त्यानंतर.' अक्षर चाचांचंच.

"ये बेटा. ईशानी शाळेत?" ते म्हणाले, आणि चाचींकडे बघून, "बघ, नाव बरोबर घेतलं."

मी बसलेही नाही. "चाचा, तुम्ही फडकं बांधलं होतं. मी काढलं."

त्यांना समजलंच नाही आधी. मग मी सगळं सांगितलं. फ्रॉक, वाइप, पिशवी, पिंप, फोटो.

मला वाटलं होतं, ते ओरडतील. तयारी करून गेले होते. त्यांनी वही मिटली आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"बांधलं होतं मी! साजिदा, ऐकलंस? दोन गाठी मारल्या होत्या. दोन होत्या ना?"

"दोन होत्या," मी म्हटलं.

"परत सांग. हिच्यासमोर सांग."

मी परत सांगितलं. चाची उभ्याच होत्या, हातात ओला टॉवेल. त्यांना काही आनंद झालेला दिसला नाही.

"मशीन चालू झाली तेव्हा तुम्ही कुठं होता?" त्यांनी विचारलं. मला आजवर त्या 'तू' म्हणायच्या.

"तिथंच."

"मग? आठवलं नाही तुम्हाला?"

विसरले, एवढंच म्हणायचं होतं. कुणीही मान्य केलं असतं. पण त्यांच्या खांद्यामागे फ्रिजवर त्या चिठ्ठ्या होत्या, आणि त्या घरात तो शब्द माझ्या तोंडून निघेना.

"आठवलं होतं," मी म्हटलं. "लगेच आठवलं. सगळे हसतील म्हणून बोलले नाही."

चाचांचं हसू गेलं नाही, पण तिथेच थांबलं. मग त्यांनी मोबाइल उचलला. "ओवेसला लावतो. त्याला सांगा. हे शेवटचंसुद्धा." आता तेही 'तुम्ही'वर आले होते.

तिसऱ्यांदा सांगताना आवाज कापला नाही. संपल्यावर ओवेस म्हणाला, "भाभी, काल डॉक्टरकडे नेलं तेव्हा अब्बांनी स्वतः सांगितलंय की मी तेल विसरलो, इंजिन जाळलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलंय. सोमवारी परत दाखवायचं आहे. तिथं येऊन सांगाल?"

"येते."

"तिकिटांचं त्यानंतर बघतो. आत्ता काही बोलत नाही. अब्बा खरंच विसरतात, हे तर खोटं नाही ना?"

"पण हे नाही विसरले," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "हे नाही."

चहा विचारला नाही कुणी, आणि तेच बरं झालं. चाची दारापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "चार रात्री हा माणूस उठून उठून गॅस बघतोय. तुम्हाला लहान मूल आहे, म्हणून मी काही बोलत नाही."

दार त्यांनी आपटलं नाही. हळूच लावलं.

मी लिफ्टपाशी उभी राहिले. आतून चाचांचा आवाज येत होता. कुणाला तरी फोन लावला होता, शार्दूलला असावा. पांढरा फ्रॉक, वाइप, पिशवी, तिची गाठ, पिंप, फोटो, मशीन चालू, आणि ती उभी राहिली, बोलली नाही. मी सांगितलं होतं त्याच क्रमाने, एकही गोष्ट न गाळता. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं. मी शेवटपर्यंत ऐकलं.