गॅरेथ फायफरचं मत

अ‍ॅडलेडच्या आमच्या भागात निळ्या पक्षाची शाखा रोझलिंड ट्रेलोर यांनीच जिवंत ठेवली होती. शेजारचा कॉन माव्रिदिस लाल पक्षाचा, कामगारांचा. तरुणपणी ग्रीसमधल्या लष्करशाहीतून निसटून आलेला. कुंपणाशी दोघांची कायम जुंपायची.

"आमच्या पक्षाच्या नावातच उदारमत आहे," रोझलिंड म्हणायच्या. "आमचा आमदार पटलं नाही तर पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो. तुमच्यात कुणी देऊन तर बघावं, दुसऱ्या दिवशी बाहेर!"

"नावाचं काय घेऊन बसलीस? तुमचं उदारमत दुकानदारांपुरतं. माणसांसाठी आम्ही भांडतो."

तेवढ्यात ते विधेयक आलं. विधानभवनाच्या पायऱ्यांवर परवानगीशिवाय निदर्शनं केली तर तुरुंग. दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी हात मिळवले. कॉनचा चेहरा उतरला. "मी हेच मागे टाकून आलो होतो गं," तो म्हणाला.

"गॅरेथ विरोधात मत देणार आहे," रोझलिंडनी सांगितलं.

गॅरेथ फायफर त्यांचा आमदार. त्याला उमेदवारी मिळावी म्हणून त्या दारोदार फिरल्या होत्या. आदल्या रविवारी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून त्यानं भाषण वाचून दाखवलं होतं. "तुम्हीच शिकवलंत मला हे," असं म्हणाला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

मतदानाच्या दिवशी त्या कॉनलाही प्रेक्षकांच्या सज्जात घेऊन गेल्या. गॅरेथ विधेयकाविरुद्ध सुंदर बोलला. कॉनसुद्धा पुटपुटला, "पोरगा बोलतो बरं का!"

मग घंटा वाजली. विधेयकाच्या बाजूनं असणारे उजवीकडे, विरोधातले डावीकडे जाऊ लागले. गॅरेथ उठला, कोट नीट केला आणि उजवीकडे जाऊन बसला. लाल पक्षाचे सगळे आमदार त्याला खेटूनच होते. डावीकडे दोन अपक्ष तेवढे.

रोझलिंडनी त्याला बाहेर गाठलं.

"हे काय केलंस?"

"रोझलिंड, मंत्रिपदाचं बोलणं चाललंय. आत राहिलो तरच काही बदलता येईल ना? आणि भाषणाची नोंद तर झालीच की."

"मग मला कशाला वाचून दाखवलंस रे?"

तो घड्याळाकडे बघत निघून गेला.

शाखेच्या बैठकीत तो आला तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर तोच प्रश्न विचारला. वर्षानुवर्षं त्यांच्या हातचा केक खाणारी माणसं कपात बघत राहिली. शेवटी खजिनदार उठले. "गॅरेथच्या उत्कृष्ट भाषणाबद्दल मी आभाराचा ठराव मांडतो." टाळ्या पडल्या. त्यांची जिवलग मैत्रीण एडिथनंही वाजवल्या. रोझलिंडनी शाखेच्या हॉलची किल्ली टेबलावर ठेवली आणि त्या निघाल्या. कुणी थांबवलं नाही.

कॉन गाडीत वाट बघत होता. सगळं ऐकून त्यानं चेष्टा केली नाही.

"आमच्या पक्षात ये, असं म्हणणार होतो," तो म्हणाला, "पण कुठल्या तोंडानं म्हणू?"

"नकोच म्हणूस."

"मग यंदा मत कुणाला देणार?"

"न देण्याचीही सोय नाही. मत न दिल्याबद्दल इथे दंड आहे," रोझलिंड म्हणाल्या आणि इतका वेळ आवरलेलं रडू त्यांना फुटलं.