मुका संच

"दाबा," सासरे म्हणाले.

जावयाने मोर्सची कळ दाबली. मीटरचा काटा जागचा हलला नाही.

"दाबलीत का? की नुसता हात ठेवलात?"

"दाबली, बाबा."

"मग सोडा. उगाच दमाल."

टेबलावर झाकण काढलेला रेडिओ संच पडला होता. हौशी लोकांसाठी मिळणारं किट जावयाने घरी जोडलं होतं. दूरदूरचे संदेश त्यावर ऐकू यायचे, आपला मात्र बाहेर पडायचा नाही. जावई दर रविवारी पिशवीत संच घालून यायचा, सासरे त्याची यथेच्छ लाज काढून दोष दुरुस्त करायचे, आणि पुढच्या रविवारी स्वारी नवा दोष घेऊन पुन्हा दारात. कधी गुंडाळीच्या तारेवरचा मुलामा न खरवडताच सोल्डर केलेलं, कधी डायोड उलटा. जन्मभर जहाजांचे वायरलेस दुरुस्त केलेल्या सासऱ्यांना इतका करंटा शिकाऊ कधी भेटला नव्हता.

"तुम्ही दातांचे डॉक्टर ना?"

"हो."

"एकदा आलेला पेशंट पुन्हा येतो?"

"येतात की."

"तक्रार घेऊन येत असतील."

जावई हसला. हे हसणंही सासऱ्यांच्या डोक्यात जायचं. कशाचा म्हणून राग येत नाही, असा माणूस काय कामाचा? मुलीने हा निवडला तेव्हा त्यांनी आठवडाभर अबोला धरला होता. बायकोनेच मध्ये पडून लग्न पार पाडलं. हिवाळ्यात ती गेली, आणि याच टेबलावर तिची औषधं, धुऊन घडी न घातलेले कपडे, न वाचलेले पेपर साचत गेले. सासरे दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असत. मग एका सकाळी हा गृहस्थ आला आणि न विचारता, कोपराने ढीग सरकवून, हा संच त्यांच्यापुढे मांडून बसला. पाहुण्याची रीतसुद्धा नाही.

सासऱ्यांनी तपासणीचं टोक एकेका टप्प्याला लावून पाहिलं. पहिल्या टप्प्यावर सिग्नल होता. दुसऱ्यावरही होता. शेवटच्या ट्रान्झिस्टरपाशी शुकशुकाट.

"तुमचा तो आरसा द्या. निदान तो तरी कामाचा निघेल."

जावयाने खिशातून दात पाहायचा छोटा आरसा काढून दिला आणि तो चहा करायला ओट्याकडे वळला.

सासऱ्यांनी आरसा गुंडाळीमागे सरकवला, वरून भिंग धरलं. तिथल्या कपॅसिटरचा एक पाय मध्येच तुटलेला दिसला. तुटलेला नव्हे, कापलेला. सरळ, स्वच्छ. बाकीचा पाय हवेने काळवंडलेला, कापलेली कड मात्र लखलखीत. आज सकाळचीच असावी.

त्यांनी भिंग हळूहळू सगळ्या सर्किटच्या पाटीवरून फिरवलं. सोल्डरचा प्रत्येक थेंब गोल, गुळगुळीत, जिथल्या तिथे. असा हात वर्कशॉपमध्ये त्यांच्या हाताखाली एकाचाही नव्हता. असं काम करणारा माणूस डायोड उलटा लावत नाही.

त्यांनी मान वर केली. जावई पाठमोरा उभा राहून चहा ढवळत होता. साखर केव्हाच विरघळली असेल.

लबाडीसुद्धा धड जमत नाही या माणसाला, सासऱ्यांच्या मनात आलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि तो बराच वेळ पुसत राहिले. सोल्डर करायची कांब तापलेली होती. दोन टोकं जुळवून एकदा टेकवली की झालं असतं. त्यांनी कांब उचलली आणि पुन्हा स्टँडवर ठेवून दिली.

"सापडलं का काही, बाबा?"

"इतक्यात कुठलं सापडतंय? पार मुळापासून घोळ घालून ठेवलाय तुम्ही. अजून बरेच रविवार जातील."

"चालेल."

"आणि एक लक्षात ठेवा. एखादा भाग सुटा करायचा झाला, तर पाय कापायचा नसतो. सोल्डर तापवायचं आणि पाय अलगद वर उचलायचा. म्हणजे खूण राहत नाही."

कपातला चमचा थांबला.

"बरं, बाबा," जावई म्हणाला.

"बरं काय, बरं?" सासऱ्यांनी शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली. "बसा इथे, दाखवतो. आणि ती कांब कपड्याच्या इस्त्रीसारखी धरू नका."