माझ्या पोटावरची गणितं

मी एक जुनी, बुटकी खुर्ची. बीच झाडाच्या लाकडाची, पाठीवर हिरवा ठिपका. शाळेतल्या खुर्च्यांना मापाप्रमाणे रंगीत ठिपके असतात. इथे पोरांनाही ठिपके लावतात. ते दिसत नाहीत, एवढाच फरक.

मित्रांनो, माझं गाव जर्मनीतल्या एर्लांगेनपासून बसने वीस मिनिटांवर आहे. नाव सांगणार नाही, नाहीतर शाळावाले मला उद्याच भंगारात काढतील. सुतारखान्यातून आम्ही तीस बहिणी एकाच दिवशी आलो. "काय भक्कम आहेत!" असं सगळे म्हणाले. मग प्लास्टिकच्या चकचकीत खुर्च्या आल्या आणि मी गेले शेवटच्या रांगेत. ज्यांचं ऐकायला कुणाला वेळ नसतो, ती पोरं तिथेच बसतात.

पालकसभेला मात्र मोठी माणसं आमच्यावर बसतात. इथली रीतच आहे ती. भलेमोठे इंजिनिअर गुडघे हनुवटीला लावून बसतात आणि बाई समोर मोठ्या खुर्चीवर. अशा उंचीवरून कुणी वाद घालत नाही. मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

दुसरीत तनयाचं नाव घालायला तिचा बाप प्रताप माझ्यावरच बसला होता. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. फॉर्मवर प्रश्न होता, घरी कुठली भाषा बोलता?

"अहो, मराठी लिहा ना," सरिता, त्याची बायको, हळूच म्हणाली.

"ऑफिसातला नागेश म्हणाला, मराठी लिहिलं की पोरीला वेगळ्या वर्गात टाकतात. शिक्का बसतो कायमचा. मी जर्मन लिहितो."

"आणि कुणी विचारलं तर?"

"तर आजपासून घरी जर्मनच बोलायचं. झालं."

मी ओरडले असते. पण खुर्चीला फक्त करकरता येतं. करकरले. त्याला वाटलं, आपलं वजन वाढलंय.

तिसरी-चौथीत तनया माझ्यावर बसली. एक शब्द बोलत नसे. आकडेमोड झरझर करायची, पण गोष्टीतलं गणित आलं की कागद कोरा. बाई, म्हणजे फ्राउ लिंडनर, लिहायच्या: 'हात वर करत नाही, रस नाही.' भाषेच्या मदतीचा तास होता, पण तो तिला कसा मिळणार? घरी जर्मन बोलतात म्हणे! बाईंनी फॉर्म वाचला. पोरगी वाचली नाही.

शाळा सुटली की आम्हाला टेबलांवर उलटं ठेवतात, झाडायला सोपं म्हणून. दुपारी सांभाळायला ठेवलेली पोरं त्याच वर्गात थांबतात. तनया पेन्सिल घेऊन माझ्यापाशी यायची. चुकलेल्या पेपरातल्या प्रश्नाचा अर्थ ती शब्दकोशातून लावायची, माझ्या पोटावर तो मराठीत लिहायची आणि खाली सोडवायची. 'दोन बसगाड्या समोरासमोरून निघाल्या.' 'माळ्याने सहा रांगांत झाडं लावली.' अंकलिपीतली गोल अक्षरं. मला गुदगुल्या व्हायच्या. उत्तरं सगळी बरोबर.

ते सफाईवाल्याने पाहिलं आणि घरी पत्र गेलं: शालेय मालमत्तेचं नुकसान. त्याच आठवड्यात चौथीनंतरच्या वाटणीचा कागदही आला. हुशार ठरवलेली पोरं गिमनाझियमला, बाकीची मिटेलशूलला. तनया मिटेलशूल.

सभा भरली. शाळांच्या सरकारी कचेरीतले एक साहेब आले. मला टेबलावर उलटं ठेवलं, आरोपीसारखं. प्रताप दुसऱ्या एका बुटक्या खुर्चीत दुमडून बसला होता.

"या, या. गेनाऊ," म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, असं तो मान डोलवत म्हणाला. "आम्ही घासून देतो. सॉरी."

पालकांची प्रतिनिधी नीना वाकली. बाप कऱ्हाडचा, आई इथलीच, स्वतः विद्यापीठात शिक्षणावर काम करणारी. तिने माझं पोट वाचलं आणि मराठीत म्हणाली, "अहो प्रतापराव, घासता काय? ही यांच्याच पेपरातली गणितं आहेत. सगळी बरोबर!"

मग तिने ते जर्मनमध्ये सांगितलं. बाईंचा चेहरा पडला. "पण पेपरात तिने कोरं सोडलं होतं."

"प्रश्न कळला नव्हता म्हणून! कॅनडात मूलनिवासींच्या पोरांना शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या गप्प केलं. त्यांचं दुःख फार मोठं, माहीत आहे मला. पण आता तिथली काही शाळा-मंडळं घरच्यांना विचारतात, त्यांच्यातले वडीलधारे वर्गात आणतात. खरं सांगितलंत तर मदत मिळेल, शिक्का नाही, असा भरवसा देतात. तुम्ही काय देता? फॉर्म!"

"आल्झो, हे बघा," साहेब म्हणाले, "आमच्याकडे मूलनिवासी नाहीत."

"मुलं तरी आहेत ना?"

तेवढ्यात सरिता उठून उभी राहिली. त्या बुटक्या खुर्चीतून उठलेली पहिली आई मी पाहिली.

"खोटं आम्ही लिहिलं," ती म्हणाली. नीना भाषांतर करत होती. "भीतीने लिहिलं. मला जर्मन येतं किती? खा, झोप, लवकर चल. तीन वर्षं लेकीशी मी एवढंच बोलले. तिने मग खुर्चीशी बोलायचं नाही तर कुणाशी?"

प्रतापने मान खाली घातली. तनया दाराशी उभी होती. तिने आईचा हात धरला आणि सगळ्यांसमोर मराठीत म्हणाली, "आई, मला गिमनाझियमला जायचंय."

साहेबांनी कागद बदलला नाही. नियम! मात्र गिमनाझियमच्या तीन दिवसांच्या परीक्षेला बसायची मुभा होती. त्या आठवड्यांत तनया रोज प्रश्न आईला मराठीत समजावून सांगायची, आणि मग तोच जर्मनमध्ये. ती पास झाली. शाळेने तिचा फोटो व्हरांड्यात लावला, वर लिहिलं, 'आमची तनया!' निर्लज्जपणाला मर्यादा नसते, मित्रांनो.

आणि त्या सभेनंतर कचेरीने केलं काय? एक हुकूम काढला. हौसमाइस्टर, म्हणजे शाळेची देखभाल करणारा माणूस, मशीन घेऊन आला आणि माझं पोट घासून कोरं केलं. तीन दिवसांत! पोरीकडे बघायला यांना तीन वर्षं पुरली नव्हती.

फॉर्म तोच आहे. परवा रुद्र नावाच्या पोराचा बाप माझ्यावर बसला, त्या प्रश्नाशी अडखळला आणि 'जर्मन' लिहून मोकळा झाला.

माझे स्क्रू कसू नका, मला रंग नको. मागणं एकच आहे. कुठल्या शाळेत असं काही खरडलेलं दिसलं, तर आधी वाचा. वाचता येत नसेल, तर ज्याला येतं त्याला बोलवा. मग हवं तर घासा.