सिनेमातलं लग्न

उमाबाई अंगणात तूर पाखडत होती आणि तिची रुद्राणी शाळेसाठी वेणी घालत होती, तेवढ्यात गावचे पुढारी रेवणप्पा यांचा निरोप आला. मायलेकींनी घरी यावं, सिनेमावाल्यालाही बोलावलंय.

सिनेमावाला म्हणजे अंगद. लातूरच्या या दिग्दर्शकाने रेणापूरजवळच्या या गावात बालविवाहावर चित्रपट केला होता. सगळं खरं दिसलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. म्हणून त्याने नट न आणता गावात लग्नं लावणारे पंचाक्षरी स्वामीच बसवले, मंगलाष्टका खऱ्याच म्हणवून घेतल्या. चौदा वर्षांची रुद्राणी नवरी, रेवणप्पांचा पुतण्या संगमेश्वर नवरा. मांडवही अप्पांनीच हौसेने दिला. पुढे अप्पांच्या कानावर आलं, की या लग्नाला एक पुढारी येऊन आशीर्वाद देतो असं चित्रपटात दाखवलंय. निवडणूक तोंडावर होती. लातूरच्या थिएटरवाल्यांकडे या चित्रपटासाठी एकाएकी तारखा मिळेनाशा झाल्या. अंगदही हट्टाचा, गावातच पडदा लावतो म्हणाला.

अप्पांनी सगळ्यांना ओसरीवर चहा पाजला आणि गोड आवाजात पेच टाकला. स्वामींनी विधीने लग्न लावलंय, साक्षीला सगळं गाव आहे. तेव्हा बालविवाह लावणारा गुन्हेगार अंगदच, तक्रार तयार आहे. आणि लग्न झालंच आहे तर पोरगी नांदायला यायला हवी. चित्रपट हवाली केला तर मात्र ते सगळं नाटक होतं, असं अप्पाच गावाला सांगतील.

पोरींना वाचवणारा कायदा अप्पांनी अंगदच्याच गळ्यात अडकवला होता. तो तुरुंगात जायलाही तयार होता, पण आपल्या हट्टापायी ही पोर फरफटेल हे त्याला सोसेना. त्याने पिशवीतून चित्रपटाची डिस्क काढली.

"देऊ नका, दादा," उमाबाई म्हणाली. मग ती अप्पांकडे वळली. "तक्रार लिवा, अप्पा. पर पैली माझी लिवा. सातवीत हुते मी. लगीन लावायला हेच स्वामी, अन् अक्षता टाकायला तुमी म्होरं. तवा कायदा कुणाला आठवला न्हाई."

स्वामी खाली बघू लागले. अप्पांनी समजावणीच्या सुरात विचारलं, की आता या पोरीला करून कोण घेईल?

"न्हाई घेतलं तर न्हाई. शाळंत जातीया ती, जाऊ द्या."

त्या संध्याकाळी उमाबाईच्या घराच्या भिंतीवर चित्रपट लागला. लग्नाचा प्रसंग आला तसे पुरुष एकेक करून उठून गेले. बायका मात्र बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अंगदवर गुन्हा दाखल झाला. वर्गातल्या पोरी रुद्राणीला अप्पांची सून म्हणून चिडवतात, ती रडते आणि तरीही रोज शाळेत जाते. या गावात बालविवाहाचा हा पहिलाच गुन्हा, आणि तोही न झालेल्या लग्नाचा. झालेल्या लग्नांत अक्षता टाकणारे हात तुमचेआमचेच होते.